आमच्या बंदुकीचं खरं साल

३ एप्रिल १९५६, मंगळवार. सकाळी ६.१०
नवी वही. पानाला सव्वीस रेघा, सगळ्या सरळ. संकल्प: रोज लिहायचं. खाडाखोड नाही. शब्द अडला तर आधी डिक्शनरी, मग पेन.
रविवारी चर्चबाहेर थोराबाई नेसेट भेटल्या. आद्य वसाहतकार मंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळाला जुन्या बँकेची इमारत मिळाली, तिथे म्युझियम होणार. क्युरेटर हवा. मी लगेच हात वर केला. (रस्त्यात हात वर करायची गरज नव्हती, हे नंतर लक्षात आलं.)
अट: क्युरेटर मंडळाचा सभासद हवा. सभासदाची अट: पूर्वज १८८५ च्या आधी मोंटानाच्या या खोऱ्यात आलेला हवा. पुराव्यासकट.
बाई म्हणाल्या, "लाइल, तुझं अक्षर छान आहे रे. पण इथे नुसतं अक्षर चालत नाही, पणजोबा लागतो."
पणजोबा आहे! सायलस हॅस्केट. १८८० साली आले, एकटे, बंदूक घेऊन. दस्त्यावर बाण लागला तरी हटले नाहीत. बाबा मला हे लहानपणी सांगत. दस्त्याच्या उजव्या बाजूला वेगळ्या लाकडाचं अंड्याएवढं ठिगळ आहे, तीच बाणाची जागा. आजोबा यावर कधी बोलत नाहीत. नम्र स्वभाव.
पुरावा स्वयंपाकघराच्या दाराआड उभा आहे. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सहलीआधी काम फत्ते.

५ एप्रिल, गुरुवार
दोन दिवसांत सिद्ध! नळीवर रॉकेल ओतून तारेच्या ब्रशने तीन तास घासलं. काळपट थर गेला, खाली अक्षरं. त्यात दोन तारखा: १८६० आणि १८६६. म्हणजे बंदूक १८६६ ची. म्हणजे पणजोबा १८८० ला नाही, त्याच्याही आधी आले. बहुधा खोऱ्यातले पहिलेच. १८८२ ला आलेल्या थोराबाईंच्या घराण्यापेक्षा सोळा वर्षं आधी. त्यांना वाईट वाटणार, पण इतिहासापुढे इलाज नाही. तसं पत्र टाकलं.
आजोबांनी बंदूक मागितली. कोंबड्यांभोवती कोल्हा फिरतोय म्हणाले. मी समजावलं की ती आता बंदूक नाही, दस्तऐवज आहे. ते म्हणाले, "दस्तऐवजाला कोल्हा भितो का?"
वय ६९. तर्क कमी होत चाललाय.

१० एप्रिल, मंगळवार
हार्डवेअरच्या दुकानामागे व्हर्जिल ऑट बंदुका दुरुस्त करतो. बंदूक दाखवली. आधी नळी पाहून त्याने डोळे मिटले. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, गंज होता. म्हणाला, "गंज नव्हता प्रोफेसर, ते तिचं कातडं होतं."
मग तारखांवर हसला. त्या पेटंटच्या तारखा म्हणे. "तुझ्या घरच्या बेकिंग पावडरच्या डब्यावर कंपनी कधी निघाली ते छापलंय ना? म्हणून काय शंभर वर्षांची पावडर खातोस?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही हसली.
घोड्यामागच्या लोखंडी पट्टीवर त्यानेच मला दाखवलं: मॉडेल १८७३.
म्हणजे १८७३ ची. १८६६ जरा लवकरच वाटत होतं, असं मी आधीपासून म्हणत होतो. (५ तारखेची नोंद घाईत झाली.)
ऑट म्हणाला की १८७३ ला हे मॉडेल निघालं, पुढे पन्नासएक वर्षं बनत राहिलं. खरं साल नंबरावरून कळतं, नंबर खालच्या पट्टीवर असतो. हे त्याने दोनदा सांगितलं. मी एकदाच लिहितो.

१४ एप्रिल, शनिवार
बंदूक पूर्ण खोलली. सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर मांडून प्रत्येकाला चिठ्ठी लावली. नळी मोजली: चोवीस इंच आणि अर्धं सूत. अर्धं सूत पट्टीची चूक धरतो.
दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीला एक छोटं झाकण आहे. आत पोकळी असते, नळी साफ करायच्या सळ्या ठेवायला. आमचं झाकण उघडत नाही. फटीत शिसं ओतून बंद केलंय. कारखान्याचंच काम असणार, ओल जाऊ नये म्हणून.
सकाळी कोल्ह्याने सातही कोंबड्या नेल्या. आजोबा अंगणात पिसं गोळा करत होते. संशोधनाला किंमत मोजावी लागते. सात पांढऱ्या.
बंदूक परत जोडली. एक स्क्रू उरला. आधीपासूनच जादा असणार.

२१ एप्रिल, शनिवार
नंबर मिळाला! ४१२६७. ऑटच्या यादीत पाहिलं: १८८०. बरोबर १८८०! बाबांचा शब्द आणि कारखान्याचा आकडा तंतोतंत जुळले. डोळ्यांत पाणी आलं. (रॉकेलही असेल.)
ऑट भिंग लावून बघत बसला. म्हणाला, पहिल्या चारच्या आधी गंजाचा फोड आहे, खाली आणखी एक आकडा असू शकतो, जरा तेल लावून घास. मी स्पष्ट नकार दिला. प्राचीन वस्तू घासू नये, हे त्याला कळायला हवं.
"बरोबर आहे प्रोफेसर," म्हणाला, "नको ते घासायचं आणि हवं ते राखायचं."
ही कबुली समजून नोंदवतो.

३० एप्रिल, सोमवार
मंडळाला अर्ज. चौदा पानं, शिवाय आकृती. एक बारीक अडचण: आजोबांचा जन्म १८८७, मिसुरीत. पण सोपं आहे. पणजोबा १८८० ला इथे मोंटानात आले, मग लग्न करायला परत मिसुरीला गेले, मुलगा जरा मोठा होईस्तोवर थांबले, मग पुन्हा आले. त्या काळी माणसं खूप हिंडत.
सोबत आजोबांचं प्रतिज्ञापत्र लागतं. मी सुंदर मजकूर लिहिला. आजोबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी करून परत दिला. म्हणाले, "यात एक वाक्य खरं आहे. माझं नाव."
सही करेनात. त्यांचा हात नाहीतरी कापतो. त्यांच्या वतीने मी केली, त्यांच्यापेक्षा स्वच्छ.
संध्याकाळी थोराबाईंचा निरोप: अर्ज चांगला आहे, पण कारखान्याचा दाखला जोडा. जुन्या वह्या बघून ते कळवतात. लगेच पत्र लिहिलं. नंबर तीनदा तपासून घातला.

३० मे, बुधवार. स्मृतिदिन
दफनभूमीत थोराबाईंना लायलॅकची फुलं वाहून नेऊ लागलो. चांगलं दिसतं. एक कबर रिकामी आहे. ती त्यांचे काका लार्स नेसेट यांची. १८९७ च्या हिवाळ्यात मेंढ्या घेऊन वर गेले ते परत आले नाहीत. मेंढ्या सापडल्या, राहायची गाडी सापडली. ते नाहीत, बूट नाहीत, बंदूक नाही.
बाई म्हणाल्या, "मी सात वर्षांची होते. आई मरेपर्यंत दाराला कडी लावत नव्हती. लार्स आला तर त्याला थांबायला नको, म्हणायची."
मी सहानुभूती दाखवली आणि विचारलं की म्युझियमची किल्ली क्युरेटरकडे एकच राहणार की दोन.
त्या फुलं घेऊन पुढच्या कबरीकडे गेल्या. भावना अनावर झाल्या असाव्यात.
घरी आल्यावर आजोबांना कुणाकुणाच्या कबरीवर फुलं घातली ते सांगितलं. ते जेवले नाहीत. माझा स्वयंपाक.

९ जून, शनिवार. ११.३०
कारखान्याचं पत्र. हात धुऊन उघडलं.
गंभीर गोंधळ. लिहितात की ४१२६७ ही आखूड बंदूक होती, वीस इंची नळीची. तुम्ही चोवीस इंच लिहिलंय. नंबर पुन्हा पाहा. आधी आणखी एक चार असेल तर ती आमच्या वहीत आहे: नळी चोवीस इंच, १८९२ साली पाठवलेली, खास ऑर्डर, दस्त्याच्या उजव्या बाजूला नाव कोरायला चांदीची अंडाकृती पाटी बसवून.
कारकुनाची चूक.

दुपारी ४.००
फोडावर एक थेंब तेल लावून नखाने घासलं. चार आहे.
शांतपणे विचार केला. उलट फायदाच झाला. पणजोबा आले १८८० लाच. बंदूक नंतर घेतली. चांदीची पाटी, म्हणजे आम्ही श्रीमंत होतो! आणि ठिगळाची जागा हीच. म्हणजे बाण बरोबर चांदीच्या पाटीवर आदळला, पाटी निघाली, पणजोबा वाचले. सगळं जुळतं. १८९२ नंतर इथे बाण कोण मारत होतं, ते पुढे बघू.
पण १८८० चा पुरावा नव्याने हवा. तो झाकणात असणार. कागद ठेवल्याशिवाय कुणी शिसं ओततं का? (कारखान्याने ओतलं, हे १४ एप्रिलचं मत मागे घेतो.)
थोराबाईंना पत्र दाखवलं नाही. अर्धवट माहितीने गैरसमज होतात.

१० जून, रविवार
आजोबांना पत्र वाचून दाखवलं. चांदीच्या पाटीपाशी आलो तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. दोन तासांनी परत. म्हणाले, "झाकण उघडू नकोस. लाइल, तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही."
हे खरं नाही. काल जेवताना मीठ मागितलं होतं.
शिवाय म्हणाले, "शरदात मला एक हरीण मारू दे तिने. मी काय जन्माला पुरणार नाही. मी गेल्यावर तुला हवं ते फोड."
मी म्हणालो की तोवर किल्ली दुसऱ्याला मिळेल.

२० जून, बुधवार
मोठी बातमी. काल थोराबाईंना सुचवलं: चार जुलैच्या सहलीत, व्यासपीठावर, सगळ्या खोऱ्यासमोर झाकण उघडायचं. ऑट शिसं काढेल, मी निवेदन करणार. त्या तयार झाल्या. म्हणाल्या, "दरवर्षी तेच भाषण आणि तीच बटाट्याची कोशिंबीर. निदान काहीतरी नवं." ऑटने खांदे उडवले. म्हणाला, भोक पाडायला माझं काय जातंय, पण म्हाताऱ्याला विचारलंस का?
विचारलं नव्हतं. त्याची गरजही पडली नाही, गावातून त्यांना कळलंच. आज पहाटे आजोबा बंदूक घेऊन नदीकडे निघालेले दिसले. पुलावर गाठलं. ती पाण्यावर धरून उभे होते आणि टाकत नव्हते. नुसते उभे. मी ओढून घेतली. त्यांचं मनगट मुरगळलं. सोडायला हवं होतं त्यांनी.
बंदूक माझ्या खोलीत, कपाटाला कुलूप. आजोबांना नाश्ता डाव्या हाताने खाता येतो.

३ जुलै, मंगळवार
भाषण सात मिनिटं वीस सेकंद. आरशासमोर पाच वेळा. नवी सही पक्की केली: लाइल हॅस्केट, क्युरेटर. खाली एक रेघ.
मिरवणुकीत आजोबा पहिल्या गाडीत, थोराबाईंशेजारी. मीच सुचवलं. त्यांचा सदरा इस्त्री केला. उद्या अभिमानाने छाती फुगेल त्यांची. हाताला पट्टी आहे ती बाहीत लपेल.

४ जुलै, बुधवार. दुपारी २.४०
व्यासपीठामागे बसून लिहितोय. आत्ताच लिहिलं पाहिजे.
गर्दी तीनशेच्या वर. ऑटने शिसं टोकरून काढलं, झाकण वर आलं. सळ्या नाहीत. कागद नाही. मेंढीच्या कातड्याची पुरचुंडी, तिच्यात चांदीची पाटी. अंडाकृती.
थोराबाई पुढे झाल्या, त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. म्हणून मी वाचली. माईकवर. आरशासमोर सराव केल्यासारखी, प्रत्येक शब्द सुटा सुटा, मध्ये योग्य विराम देऊन:
लार्स नेसेट यांस. तिघा भावांकडून. १८९२.
वाचून झाल्यावर मी हसून गर्दीकडे पाहिलं. टाळ्यांसाठी थांबलो. भाषणात तिथे तशी खूण केली होती.
कुणीतरी मूल रडत होतं, ते सोडून काही आवाज नाही. आजोबा पहिल्या गाडीत उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.
ऑटने माईक बंद केला. म्हणाला, "पुरे प्रोफेसर."

५ जुलै, गुरुवार
आजोबा बोलले. मी विचारलं नव्हतं. टेबलाशी बसून, बटाटा सोलता सोलता, डाव्या हाताने.
१८९७ चा हिवाळा. ते नऊ वर्षांचे. बाप आणि ते मिसुरीहून नुकतेच आलेले, वादळात सापडले. मेंढपाळाच्या राहायच्या गाडीत उजेड दिसला. लार्सने आत घेतलं, रस्सा दिला. "माझे मोजे भिजले होते. त्याने स्वतःचे कोरडे काढून माझ्या पायात घातले. मला मोठे होत होते."
मग?
"सकाळी बापाने त्याचे बूटही आणले."
पाटी उचकटून बापाने त्यांच्याकडे दिली, नदीत टाक म्हणून. टाकवली नाही. पंधराव्या वर्षी ती दस्त्याच्या पोकळीत ठेवून, गोळ्या ओतताना उरलेलं शिसं झाकणाच्या फटीत ओतलं. मग मी विचारलं की इतकी वर्षं तीच बंदूक का वापरली. म्हणाले, "घरात दुसरी नव्हती."
साल १८९७, हे मी दोनदा विचारून पक्कं केलं. वाईट बातमी. १८८५ च्या बारा वर्षं नंतर.

९ जुलै, सोमवार
थोराबाई आल्या. सोबत ऑट, त्याचा ट्रक. मी कॉफी ठेवली. कुणी घेतली नाही. आजोबांना त्यांनी एकच विचारलं, "कुठे?"
आजोबा टोपी घालून निघाले. मीही निघालो. ऑट म्हणाला, पुढे तिघंच मावतात. मागे जागा होती, मी पाहिली.
संध्याकाळी ऑटकडून कळलं: वरच्या घळीत, दगडांच्या ढिगाऱ्यापाशी आजोबा सरळ गेले, एकदाही चुकले नाहीत. "म्हातारा दरवर्षी हरणाच्या नावाने तिथेच जात होता," म्हणाला. "ढिगाऱ्यावरचे दगड एकावर एक नीट लावलेले होते. साठ वर्षांत एकही ढळला नाही, असं कसं होईल?"
थोराबाई आणि आजोबा तिथे बराच वेळ बसले म्हणे. काय बोलले ते ऑट सांगत नाही. इतिहासाचं नुकसान आहे.
बंदूक त्या घेऊन गेल्या. मी पावती मागितली. ऑटने माझ्याकडे असं पाहिलं की मी पावती राहू दिली.

२१ जुलै, शनिवार
मंडळाचं पत्र. अर्ज नामंजूर.
चिटणिसांना दुकानात गाठलं. म्हणालो, पणजोबांच्या कृत्याबद्दल मला शिक्षा का? ते म्हणाले, "कृत्याचं काही नाही रे. निम्म्या सभासदांचे पणजोबा चोर, उरलेल्यांचे न पकडलेले. पण साल जुळत नाही. १८८५ म्हणजे १८८५. नियम आहे."
नियमावर माझाही विश्वास आहे, त्यामुळे वाद घालता आला नाही.
प्रतिज्ञापत्रावरची सही कुणाची, तेही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, डिक्शनरी आणायला आलो होतो.

१८ ऑगस्ट, शनिवार
लार्स नेसेट यांना रिकाम्या कबरीत ठेवलं. आता रिकामी नाही. आजोबांना खांदा द्यायला बोलावलं होतं. मनगट अजून दुखतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूने दिला. मी कुंपणापाशी उभा. छापील कार्यक्रमपत्रिकेत दोन चुका.

१५ सप्टेंबर, शनिवार
म्युझियम उघडलं. क्युरेटर: शाळेतल्या बाई. त्यांची स्वाक्षरी वाचता येत नाही.
थोराबाईंनी मला बोलावलं! बंदूक काचेत ठेवलीय, पाटी परत जागेवर बसवलीय. खाली माहितीचं कार्ड हवं. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाल्या. "मजकूर मी सांगते."
कार्ड पाच बाय तीन. काय झालं, कुणी केलं, कुठे, कधी. पणजोबांचं पूर्ण नाव. शेवटी एक वाक्य त्यांनी थांबून सांगितलं: "ती जागा साठ वर्षं एमेट हॅस्केट यांनी राखली." आजोबांचं नाव. माझं कुठे येईल, असं विचारलं. म्हणाल्या, "तुझं अक्षर आहे की."
सहा ओळी, एकही खाडाखोड नाही. बंदुकीचं साल बरोबर लिहिलं: १८९२. संशोधन शेवटी कामी आलंच.

२१ ऑक्टोबर, रविवार. पहाटे ५.२०
हरणांचा मोसम सुरू. आजोबा नेहमीसारखे अंधारात उठले, बूट घातले, कोट घातला. स्वयंपाकघराच्या दाराआड हात घातला. हाताला झाडू लागला.
तसाच धरून उभे राहिले. मग पायरी झाडली. मग अंगण. कोंबड्या नाहीत, त्यामुळे झाडायला फारसं काही नव्हतं.
आत येऊन झाडू माझ्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा कुठल्या सालचा, तेवढं काढ."
मग कोट काढून खुंटीला टांगला.
पाहिला. दांड्यावर शिक्का आहे, १९०९. पण ते पेटंटचं असणार.